चौथ्या रात्रीची गोष्ट

आमच्या मार्केटिंग प्रमुखांचा ऋतूंवर विश्वास नव्हता. मे महिन्यातल्या एका दुपारी, बाहेर गाडीच्या दाराला हात लावला तर फोड येईल अशा उन्हात, त्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "बॉलरूमचा एसी सोळावर ठेवू. खलास, झाला हिवाळा."

ज्या बाईला उद्देशून हे वाक्य होतं ती टेबलाच्या टोकाला बसून पाणी पीत होती. "सापांना एसी कळत नाही," ती म्हणाली.

२००८ साल होतं. मंदी अजून आमच्यापर्यंत पोचायची होती. मी दुबईतल्या एका बिल्डर कंपनीत ब्रोशर लिहायचो. न बांधलेल्या व्हिलांसमोर न लावलेल्या झाडांची सावली पाडणं हे माझं काम. ही बाई खऱ्या झाडांची. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात जे मूळचे ओओधम लोक राहतात, त्यांच्यातली. कमी पाण्यावर तगणारी झाडं निवडायला कंपनीने तिला एवढ्या लांबून आणलं, आणि मग सगळीकडे लॉन लावलं.

प्रमुखांना गुंतवणूकदारांसाठी एक 'वारसा संध्या' करायची होती. तंबू, ससाणा, भाड्याचा उंट आणि जगातल्या वाळवंटांच्या गोष्टी. हिचे वडील गावातले गोष्ट सांगणारे आहेत हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. तेव्हा एक गोष्ट तिने सांगावी. ती शांतपणे सांगत राहिली की पृथ्वी कशी झाली, माणसं कशी आली, ही त्यांची मोठी गोष्ट फक्त हिवाळ्यात सांगतात. साप जमिनीखाली झोपलेले असतात तेव्हा. उन्हाळ्यात सांगितली तर ते ऐकतात आणि चावायला येतात. आणि ती पुरी व्हायला चार रात्री लागतात.

"हबीबती, आपल्याकडे वीस मिनिटं आहेत," प्रमुख म्हणाले.

शेवटी एका भाडोत्री नटाने कुठल्याच वाळवंटातली नसलेली गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. उंटाने सुद्धा मान हलवली.

घरी येऊन मी हा किस्सा रंगवून सांगितला. बायको हसली नाही. "त्यात हसण्यासारखं काय आहे? शुक्रवारची कहाणी आपण माघात सांगतो का? जेवायला आणा तिला एकदा."

अशी ती अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये यायला लागली. पन्नाशीची होती, म्हणून बायको तिला ताई म्हणू लागली. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, पण ताई हा शब्द तिने ठेवून घेतला; फोनवर स्वतःच "ताई बोलतेय" म्हणायची. आमटी तिला आवडायची. त्यांच्याकडे वाळवंटात पिकणारा एक बारका घेवडा असतो, त्याची आठवण येते म्हणायची.

वडिलांची चौथी रात्र तिने कधी पुरी ऐकली नव्हती, हे तिने असंच एकदा जेवताना सांगितलं. लहानपणी पहिल्या तीन रात्री डोळे ताणून जागी राहायची आणि चौथ्या रात्री आईच्या मांडीवर झोपून जायची. मोठी झाल्यावर कॉलेज, मग नोकरी. सुट्टी नेहमी एक दिवस अपुरी पडायची. "या डिसेंबरला जाणार आहे," ती म्हणाली. "रजा मंजूर आहे. परतीचं तिकीट मुद्दाम खूप पुढचं काढलंय."

"आणि या वेळी झोप आली तर?" मी विचारलं.

"तर तुमची बायको देते तो चहा थर्मासमधून नेईन."

ऑक्टोबरनंतर ऑफिसात क्रेनबद्दल बोलणं बंद झालं. क्रेन उभ्या होत्या, हलत नव्हत्या. सुट्टीवर गेलेल्या माणसाचं कार्ड परत आल्यावर दाराला चालेनासं झालं की आम्हाला कळायचं, हा गेला. प्रमुख स्वतः असेच गेले. त्यांच्या निरोपाला केकही आला नाही. डिसेंबरची रजा घ्यायची हिंमत कुणात नव्हती. ताईनेही घेतली नाही. गावाकडचं घर तिच्या पगारावर चालत होतं. वडिलांना तिने फोन केला तेव्हा ते म्हणाले म्हणे, "त्यात काय! साप दर वर्षी झोपतात."

पुढच्या जूनमध्ये ते आजारी पडले. तिकडे सग्वारो नावाच्या उंच निवडुंगाची फळं उतरवायचा तो मोसम. तिचा भाऊ ट्रक चालवायचा. त्याने ट्रक दारात लावून ठेवला आणि घरीच बसला. डॉक्टरांनी त्याला जे सांगितलं ते त्याने हिला सांगितलं.

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे जिवतीची पूजा होती. बिल्डिंगमधल्या चारपाच जणी आल्या होत्या, ताईही आली. बायकोने तिच्या हातातही अक्षता दिल्या. 'आटपाट नगर होतं' म्हणून बायकोने कहाणी सुरू केली. ताईला एक शब्द कळत नव्हता, पण तिने मूठ शेवटपर्यंत उघडली नाही. संपल्यावर म्हणाली, "हे फक्त याच महिन्यात?"

"फक्त याच."

"आणि कुणी दुसऱ्या महिन्यात मागितलं तर?"

"मागत नाही कुणी," बायको म्हणाली.

आमची मुलगी सोफ्यावर पाय घेऊन बसली होती. ती इथेच वाढलेली. ती म्हणाली, "जस्ट कॉल हिम अँड रेकॉर्ड इट, ताई. व्हॉट्स द बिग डील?"

"गप बस गं," बायको मराठीत म्हणाली.

"नाही, बरोबर बोलतेय ती," ताई म्हणाली. तिकडे सकाळ झाली की तिने आमच्याच फोनवरून घरी लावला. भावाने फोन वडिलांच्या कानाला धरला असावा. ती त्यांच्या भाषेत बोलत होती. त्या भाषेत शब्दांच्या मध्येच घसा क्षणभर थांबतो आणि पुन्हा चालू होतो. बराच वेळ बोलली. मध्ये हसलीही. आम्ही स्वयंपाकघरात उगाच भांडी इकडची तिकडे करत होतो.

"काय म्हणाले?" फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं.

"पाऊस चांगला झालाय. फळं कमी उतरली. भाऊ सूप बेचव करतो."

"आणि गोष्ट? विचारलंस ना?"

"नाही."

"अगं, नाही म्हणाले असते तर म्हणू द्यायचं. विचारायला काय जातंय?"

"ते नाही म्हणाले नसते," ताई म्हणाली. "हो म्हणाले असते. आयुष्यात कधी उन्हाळ्यात त्यांनी ती गोष्ट सांगितलेली नाही. ते हो म्हणाले असते म्हणजे आम्हा दोघांनाही कळलं असतं की ते हिवाळ्यापर्यंत पोचत नाहीत. मला ते त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं नव्हतं."

बायकोने पुरणाची पोळी तिच्या ताटात वाढली. ताईने ती खाल्ली. त्यानंतर आमच्या घरात तो विषय कुणी काढला नाही. आमच्या मुलीनेही नाही.

सप्टेंबरच्या शेवटी तिचे वडील गेले. अजून इथे संध्याकाळीही बाहेर बसवत नव्हतं. ताई मिळेल त्या विमानाने गेली. मागून तिच्या पदाची गरज उरली नसल्याची मेल तिला गेली, त्यात तिच्या दुःखात कंपनी सहभागी असल्याचंही लिहिलं होतं. तो मजकूर माझ्याकडे तपासायला आला होता. मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला. दुसरं काही दुरुस्त करण्यासारखं माझ्या हातात नव्हतं.

तिच्या फ्लॅटमधल्या कुंड्या आम्ही आणल्या. मी पाणी जास्त घातलं आणि त्यातली बरीचशी झाडं मेली.

डिसेंबर संपता संपता एका शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला. आम्ही पोहे खात होतो. बायकोने स्पीकर लावला. "ताई बोलतेय." आवाज बसलेला होता. सर्दी का, असं मी विचारलं. नाही, बोलून बोलून बसलाय, म्हणाली. गावातल्या लोकांनी तिलाच सांगायला लावलं होतं. तीन रात्री तिने सांगितलं. कुठे अडली की म्हातारे आठवण करून द्यायचे.

"मग चौथी रात्रही त्यांनाच माहीत असेल की," मी म्हटलं.

"प्रत्येकाला थोडी थोडी. दुसऱ्या गावांत सांगणारे आहेत, त्यांच्याकडे अख्खी आहे. गोष्ट कुठे गेलेली नाही. पण ती त्यांची. बाबा जशी सांगायचे तशी कुणाला येत नाही. मी सगळ्यांना सांगितलं होतं, उद्या येऊ नका, माझ्याकडे पुढचं नाही."

"मग?" बायकोने विचारलं.

"आले. सगळे आले. पोरंसोरं, म्हातारे. भावाने लाकडं आणून टाकली होती. एक बाई पोळ्या घेऊन आली."

"मग काय केलंत?"

"बसलो," ती म्हणाली. "लाकडं संपेपर्यंत बसलो. मग सगळे घरी गेले."