विजयाबाईंच्या रकान्यातलं ‘नाही’

महिपतराव इंगळ्यांच्या बायकोला कुणी काहीही विचारावं, उत्तर महिपतरावच देणार. विजयाबाईंना भाजी कोणती आवडते, गुडघे दुखतात का, मुलीकडे इंदूरला कधी जायचं, सगळं हेच सांगणार. ग्वाल्हेरच्या जुन्या मराठा घरांत परक्या माणसापुढे बाईने बोलायचं नाही, अशी रीत. पलटणी मोडल्या, घरातले पुरुष वीज कंपनीत बिलं काढायला बसले, पण ही शिस्त काही मोडली नाही. महिपतरावांना तर त्यात मायाच दिसायची. आपण असताना तिने तोंड शिणवायचं कशाला?

हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले, तेव्हा पेन्शनरांचा दोन लाखांचा विमा मिळाला. त्यांच्याच ऑफिसातून निवृत्त होऊन विम्याची एजन्सी घेतलेले दिग्विजयसिंह एके दिवशी घरी आले.

“दो लाख में आजकल होता क्या है, भाईसाब?” म्हणाले, आणि वरची आणखी एक पॉलिसी समजावू लागले. फक्त मोठ्या आजारांची. कॅन्सर, किडनी, हृदयाची झडप बदलणं, असं यादीतलं काही निघालं की एकरकमी दहा लाख. महिपतरावांना पटलं. फॉर्म भरायला घेतला. स्वतःचं ब्लडप्रेशर त्यांनी प्रामाणिकपणे लिहवलं. लपवाछपवी त्यांच्या रक्तातच नव्हती.

“और भाभीजी? पहले कभी दिल की तकलीफ, जोड़ों की, लंबा बुखार?”

“इन्हें क्या होगा! चालीस साल में एक दिन खाट नहीं पकड़ी.”

चहाचा ट्रे ठेवून विजयाबाई दाराशी थबकल्या. “अहो, जरा आत येता का?”

“आलो, हे संपू दे.”

सगळ्या रकान्यांत ‘नाही’ पडलं. सही कुठे करायची ते महिपतरावांनी बोट ठेवून दाखवलं, विजयाबाईंनी केली. दिग्विजयसिंह गेल्यावर गप्पांच्या नादात आत जायचं राहूनच गेलं.

तिसऱ्या वर्षी सराफ्यात नथ दुरुस्तीला टाकून परतताना विजयाबाई एका दुकानाच्या पायरीवर मटकन बसल्या. श्वास पुरेना, ओठ निळसर पडलेले. कंपू भागातल्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. हृदयाची झडप अरुंद झाली होती, महिन्याभरात बदलायला हवी. खर्च सात लाख.

महिपतराव डगमगले नाहीत. पॉलिसी होती ना! पैसे ऑपरेशननंतर मिळणार होते, पण तोवर पाच लाख पडाव भागात राहणारा मेहुणा उमाजी देणार होता. त्याचं तिथे लॉज होतं, आणि पॉलिसीचा कागद पाहून तो लगेच तयार झाला होता.

मग डॉक्टरीणबाई माहिती लिहायला बसल्या. “बचपन में कभी जोड़ सूजे थे? बुखार के साथ?”

“नहीं जी, कभी नहीं,” महिपतराव म्हणाले.

“मैं इनसे पूछ रही हूँ.”

विजयाबाईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली. “हाँ. ग्यारह साल की थी.” गुडघे सुजले होते, डॉक्टरांनी छातीत दोष सांगितला होता. दर एकवीस दिवसांनी वडील इंजेक्शनला न्यायचे. लग्न ठरलं आणि वडिलांनी बजावलं, सासरी ब्र काढायचा नाही, नाहीतर परत पाठवतील. इंजेक्शनं तिथेच थांबली. विजयाबाई अडखळत सांगत होत्या आणि डॉक्टरीणबाई ओळीमागून ओळी लिहीत होत्या. विजयाबाईंचं एवढं कुणी ऐकून घ्यायची ही पहिलीच वेळ होती, म्हणून त्या काहीच राखून न ठेवता बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दिग्विजयसिंहांनी डॉक्टरीणबाईंनी लिहिलेला तो कागद दोनदा वाचला. “ये लगाया तो क्लेम गया, भाईसाब. पुरानी बीमारी छुपाई, यही लिखेंगे.”

“मैंने कहाँ छुपाई? मुझे पता ही नहीं था!”

“भाभीजी को तो पता था. दस्तख़त उनके हैं.”

महिपतराव तसेच उठून डॉक्टरीणबाईंकडे गेले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत कुणाच्या बिलातला आकडा न फिरवलेला माणूस हात जोडून उभा राहिला, “मॅडम, बस दो लाइनें काट दीजिए.” पाया पडायलाही वाकले. डॉक्टरीणबाईंनी खांद्याला धरून उठवलं.

“नहीं काट सकती. और अंकलजी, वो इंजेक्शन चालू रहते, तो शायद वाल्व की ये हालत न होती.”

वॉर्डात शिरताना त्यांना राग आवरेना. “तू आधी बोलली का नाहीस?”

“आत बोलावलं होतं तुम्हाला.”

“अगं, पण नंतर? चाळीस वर्षांत एकदा?”

“परत पाठवाल म्हणून भीती वाटायची.”

“साठी उलटल्यावर? कुठे पाठवणार होतो मी तुला?”

“ते मला काय माहीत?” विजयाबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. महिपतराव स्टुलावर बसले. ज्या बाईच्या मनातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं ते समजत होते, ती आयुष्यभर आपल्याला भीत होती, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

दुपारपर्यंत उमाजीने हात वर केले. पॉलिसी नाही तर पैसे कशाच्या भरवशावर द्यायचे? मुलीने, उन्नतीने, दीड लाखाची सोय सांगितली. पेन्शनरांच्या विम्याचे दोन लाख. राहतं घर भाऊबंदांच्या खटल्यात, विकायची सोय नाही. सत्तरीपुढच्यांना सरकारी कार्ड मिळतं, तर विजयाबाई एकसष्ट वर्षांच्या. महिपतराव पुन्हा पुन्हा बेरीज करत होते आणि ती साडेतीनच्या पुढे जात नव्हती.

नर्स फाईल घेऊन आली. “अंकल, क्या तय किया? ऑपरेशन कराना है या छुट्टी चाहिए?”

“छुट्टी कर दीजिए,” महिपतराव मान खाली घालून म्हणाले. “इनका भी यही कहना है, घर पे दवाई...”

विजयाबाईंनी त्यांची बाही धरली. “मी कधी म्हटलं?”

महिपतरावांनी मान वर केली. त्यांनी विचारलं, “मग काय करायचं, विजया?”

“मला जगायचंय हो,” त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या. “मला इतक्यात मरायचं नाहीये.”

नर्स घुटमळली. “तो ऑपरेशन लिखूँ, आंटी?”

“लिखो,” विजयाबाई म्हणाल्या.

नर्सने लिहिलं, आणि पैसे कधी भरणार, असं महिपतरावांना विचारलं.