शिंदीतली पूड

हल्ली पोरांच्या नशेच्या गोळ्या-पुड्यांचा विषय निघाला, की एखादा म्हातारा हमखास सुस्कारा टाकतो, "निजामाच्या काळी असलं काही नव्हतं." मी त्याच काळी अणदूरला वाढले. त्या म्हाताऱ्यांची आठवण त्यांच्या सोयीची आहे, एवढंच म्हणते.

आमचं घर लिंगायत वाण्याचं. दारूचं नावही घरात निघत नसे. पण शिंदी म्हणजे दारू नव्हे, ते औषध, असं सगळं गाव मानायचं. कुणाला उन्हाळी लागली, अंगाची लाही झाली, की झाडावरून पहाटे उतरवलेली शिंदी फुलपात्रभर द्यायची. माझा थोरला भाऊ तेव्हा विशीतला, दुकानाची पोती एकट्यानं उतरवायचा. एका चैत्रात त्याला उन्हाळी लागली, तेव्हा अव्वानं, म्हणजे आमच्या आईनंच, शिंदी मागवली. अप्पांनीही मान हलवली. "औषध हाय ते. पिऊ दे."

झाडाखालची ताजी शिंदी आली असती तर काही बिघडत नव्हतं. पण आमच्या घरी आली ती शिंदीखान्यातल्या मडक्यातली. शिंदीखाना गुत्तेदाराचा. सरकारी लिलावात मक्ता घ्यायचा आणि गावोगाव शिंदी विकायची, हा त्याचा धंदा. झाडं थोडी आणि पिणारे फार, म्हणून तो मडक्यात पाणी ओतायचा आणि त्या पाण्याची नशा चढावी म्हणून एक पांढरी पूड टाकायचा. झोप न येणाऱ्या रोग्याला डॉक्टर मोजून-मापून देतात ती. हा ओंजळीनं टाकायचा. गावाला सगळं ठाऊक होतं. शिंदीखान्यापुढून जाताना बायकांना मी स्वतः बोलताना ऐकलंय, "आज पूड जास्त पडली वाटतं, समदे आडवे हायेत." आणि हे हसत! त्या आडव्यांत त्यांचेच नवरे नि लेक असायचे. तोंडातून लाळ गळतेय, लाळेवर माश्या बसल्यात.

भावाची उन्हाळी गेली, पण त्याचं औषध काही थांबलं नाही. आधी नुसतं सकाळी, मग संध्याकाळीही तो शिंदीखान्यात बसायला लागला. वर्षभरात त्याची जीभ जड झाली. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मान छातीवर पडायची. अव्वानं शिंदी काढणाऱ्याच्या हातापाया पडून झाडाखालूनच निर्भेळ शिंदी आणली. पूड पोटात गेली नाही तर पोर हळूहळू सुटेल, असं तिला वाटलं. त्यानं एक घोट घेतला आणि तिच्या लुगड्यावर थुंकला. "ह्यात काय हाय? पानी हाय नुसतं."

आईवर थुंकला तो. हे लिहितानाही मला किळस येते, आणि खरं सांगायचं तर त्याचीच येते. माणूस मेला म्हणून ती जात नाही.

शेवटी अप्पांनी त्याला धान्याच्या खोलीत कोंडलं. दुसऱ्याच दिवशी तो थरथरायला लागला, अंगावर नसलेल्या मुंग्या वेचायला लागला. मग झटके आले, दातखीळ बसली. गावात डॉक्टर नव्हता. शहाणे मात्र ढीगभर जमले. "अप्पा, घोटभर द्या, न्हायतर पोरगं जाईल." गळ्यात लिंग असलेले आमचे अप्पा जन्मात पहिल्यांदा शिंदीखान्याची पायरी चढले आणि लोटा भरून घेऊन आले. झटके थांबले. पुढं रोज तेच आणायला लागले. लोट्यावर उपरणं झाकून आणायचे, जसं काही गावाला डोळेच नव्हते.

पावसाळा सरता सरता भाऊ एका दुपारी निजला, तो उठलाच नाही. उशी लाळेनं भिजलेली होती.

आमच्यात पुरतात. जागा घरामागच्या मळ्यातच होती. खड्डा खणायला त्याचेच सोबती आले, त्याच्याबरोबर शिंदीखान्यात बसणारे. तेवढ्यात गुत्तेदार दारात आला. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला भंडारा. अप्पांचा हात हातात घेऊन त्यानं डोळे पुसले. खंडोबाच्या देवळाला त्यानं समया दिल्या होत्या, म्हणून लोक उठून उभे राहिले. त्याच्या गड्यानं शिंदीचं मडकं आणून ओट्यावर ठेवलं. खणणाऱ्यांना प्यायला द्यायचं, अशी गावची रीत होती.

अव्वा किंचाळली, "फोडा ते! फोडा म्हणते ना!"

मला वाटलं, अप्पा आता मडक्याला लाथ घालतील. त्यांनी मडक्याकडं पाहिलं, जमलेल्या माणसांकडं पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "रीत हाय. न्या तिकडं."

मी परसदारात उभी होते. सोबत्यांनी कुदळी टाकल्या आणि मडक्याभोवती कोंडाळं केलं. एकानं घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "पूड कमी हाय रं." खड्डा तोवर गुडघाभरही झाला नव्हता.