सायलेन्सरची जाळी

परवा पंक्चरच्या दुकानात ट्यूबला गरम ठिगळ लावत होते. त्या जळक्या रबराच्या वासाने मला तिथे उभं राहवेना.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. साक्रीकडच्या ओढ्यांतून नेता यावी म्हणून मी माझ्या जुन्या मोटारसायकलचा सायलेन्सर कापून मागच्या फूटरेस्टजवळून सीटखाली वर चढवला होता. धुळ्याच्या वेल्डरने बजावलं होतं, "भाऊ, वरून जाळी लावा, मागच्याचा पाय भाजेल." जाळी घरात तयार पडून होती, पण उघडा काळा पाइप मला देखणा वाटायचा.

त्या दुपारी माझे वडील, नाना, मागे बसले. साखरेच्या आजाराने त्यांचे पाय बधिर झाले होते, हे मला ठाऊक होतं. चढावर जळका वास आला.

"काय जळी ऱ्हायनं रे? तुनी गाडी शे का बंब शे?" नाना हसत म्हणाले.

"क्लच शे नाना," मी म्हणालो आणि थांबलो नाही.

घरी उतरलो तेव्हा त्यांच्या रबरी चपलेची टाच वितळून पायाला चिकटली होती. त्यांना ते मी दाखवल्यावर कळलं.

आई वावरातून आली. नानांनी माझ्याकडे न बघता तिला सांगितलं, "पाय बंबले लागी गया." बंबाला पाय लागला, यावर मीही मान डोलावली.

जखम चिघळली, पुढे पाऊल कापावं लागलं. आईने घरातला पाणी तापवायचा तो तांब्याचा बंब मोडीत काढला. तो भंगारवाल्याकडे मीच नेला, त्याच गाडीवरून. तोवर गाडीला जाळी बसवली होती. त्या कामाला दहा मिनिटं लागली होती.