अव्वाचा गुडघा

नांदेडहून लातूरला घरी गेले की आमची अव्वा, म्हणजे माझी आई, चहाच्या आधी विचारायची, "कुठवर आलं गं तुझं काम?" मी विष्णुपुरीजवळच्या एका प्रयोगशाळेत काम करते. झिजलेला सांधा आतून भरून यावा म्हणून मऊ जाळी बनवायची आणि तिच्यात मूळपेशी रुजवायच्या, हे आमचं काम. अव्वाला संधिवात. तिला समजावं म्हणून एकदा म्हणाले, "दोडक्याचा वेल मांडवावर चढतो ना, तसं. जाळी म्हणजे मांडव, पेशी म्हणजे वेल." तिला ते इतकं पटलं, की गल्लीतल्या सगळ्या दुखऱ्या गुडघ्यांना तिने माझ्या जिवावर शब्द देऊन टाकला. मला हसू यायचं आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं. म्हणून तिला कधी अडवलं नाही.

गेल्या श्रावणात ती सकाळी लिंगपूजेला बसली. इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, तर तळहातच उघडेना. बोटं सुजलेली. उजव्या हाताने ती एकेक बोट सरळ करत होती. मी उठून तिच्या औषधांचा डबा बघितला. आठवड्याला एक घ्यायच्या गोळीची दोन पाकिटं जशीच्या तशी.

"गोळी बंद केलीस?"

"मग? पेरायच्या आधी रान मोकळं नको? असलं औषध अंगात असल्यावर तुझा वेल कसा धरंल? म्हणून सोसून राहिले."

माझं डोकंच फिरलं. तिच्यावर ओरडले, आणि ओरडता ओरडता कळलं, की चूक माझी होती. खाली बसले.

"अव्वा, सूज अशीच राहिली तर सांधा जातो. त्यात आमच्या पेशीही जगत नाहीत. आणि आमचं काम अजून उंदरांवरच चाललंय. तुझ्या गुडघ्यापर्यंत ते बहुतेक यायचं नाही."

हे मी कितीतरी दिवस टाळलं होतं.

दुपारी डॉक्टरांनी आम्हा दोघींना झापलं, रक्त तपासलं आणि औषध पुन्हा सुरू केलं. परतताना रिक्षात मी म्हणाले, "तुला उगीच आशा लावली मी."

"मला कशाची आशा?" अव्वा म्हणाली. "उंदरांनंतर माणसाचा पैला गुडघा कुणाचा तरी लागंलच की. परक्याचा घेतलास आन् चुकलं, तर लोक तुला बोल लावतील. मी न्हाई लावणार."