बाईंची जेडची बांगडी

खालच्या मजल्यावरच्या बाई माझ्या मुलाच्या शाळेत शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्या मुलीकडे बंगळुरूला कायमच्या राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी जेडची हिरवी बांगडी, विकत घ्याल का असं विचारत, माझ्यापुढे ठेवली. त्यांचे यजमान बोटीवर इंजिनिअर होते. त्यांनी ती हाँगकाँगहून आणली होती. संधिवातानं आता ती बाईंच्या हातात चढत नव्हती आणि मुलीला बांगड्यांचं वावडं.

"दोन दिवस ठेवा, तपासून घ्या आणि मग सांगा," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी व्हिडिओ बघत बसले. खरं जेड गालाला लावलं की गार लागतं. लागलं. मोबाइलच्या उजेडात आत तंतू दिसतात. दिसले. दोऱ्याला टांगून नाण्यानं वाजवलं तर घंटेसारखा आवाज येतो, असंही एक जण सांगत होता. मी वाजवली. दोरा निसटला आणि बांगडी फरशीवर आपटली. तुटली नाही, पण केसाएवढा तडा गेला.

सोमवारी मी खराडीच्या ऑफिसला दांडी मारून ती रत्नं तपासणाऱ्या माणसाकडे नेली. भिंग लावून, पाण्यात वजन करून तो म्हणाला, "अस्सल आहे. रंगसुद्धा चढवलेला नाही. तडा मात्र ताजा दिसतो. पडली का?"

"नाही," मी म्हणाले.

संध्याकाळी मी बाईंना सांगितलं, "घेते मी."

"तपासलीत?"

"काय बाई, तुमचा शब्द पुरे की!"

त्यांचे डोळे भरून आले. आधी दोघी बघून गेल्या होत्या. तुमच्या यजमानांना दुकानदारानं काच दिली असेल, असं एकीनं तोंडावर सुनावलं होतं. "तुम्ही तेवढा विश्वास ठेवलात," असं म्हणत त्यांनी बांगडीची मखमली डबीही माझ्या हातात कोंबली. मला तिथं बसवेना.

त्या निघाल्या त्या दिवशी निरोप घ्यायला गेले, तर म्हणाल्या, "हातात घालून या ना, एकदा बघू दे." घालून गेले. त्यांनी माझा हात खिडकीशी नेला. त्यांचा अंगठा तड्यावर थांबला.

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. नाणं, दोरा, तो माणूस.

"खरी निघाली ना?" त्यांनी विचारलं.

"हो. अगदी अस्सल."

"ते मला माहीत होतं." त्यांनी माझा हात सोडला. "तपासल्याचं काही नाही हो, मीच म्हटलं होतं तसं. पडते एखादी वस्तू हातून. पण शब्द पुरे, असं कशाला म्हणालात?"

बांगडी परत घ्या, असं मी विनवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी त्यांच्या दोन बॅगा रिक्षापर्यंत नेल्या, तेव्हा त्यांनी सगळ्या बिल्डिंगच्या वापरातला नळाचा पाना शेजारच्यांकडे ठेवल्याचं सांगितलं आणि त्या गेल्या.

दरवर्षी ईदला त्यांच्याकडून आमच्याकडे शीरखुर्मा यायचा; या ईदला मी शुभेच्छा पाठवल्या. दोन दिवसांनी उत्तर आलं, मुलाच्या अभ्यासाची चौकशी करणारं.