न केलेला नवस

आज सकाळपासून फोन हातातून सुटत नाही, आणि एटापल्लीच्या पुढे फोनचा उपयोग फक्त वेळ बघायला. तरी मी तो जीपच्या खिडकीबाहेर धरते, आत घेते, परत धरते. तिकडे नागपुरात हेमराजभाऊंच्या हृदयाचं ऑपरेशन, आणि इकडे मी सोमारीबाईंच्या गावचा सौरपंप दुरुस्त करायला निघालेली. मी सुट्टी मागितली होती. भाऊंनीच फोन करून झापलं, की तू येऊन डॉक्टरच्या हातात काय पाना देणार आहेस? तिथे बायका नाल्याचं पाणी भरतायत, तिकडे जा.

हेमराजभाऊ माझे पहिले साहेब, गोंडपिपरीचे. साहेब म्हटलं की मागे वळून बघायचे, कोण आलं म्हणून. आयटीआय करून मी पंपाच्या कामाला लागले तेव्हा आमच्या पथकात बाई मी एकटीच. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर माझ्या बाबांचा चेहरा पडलेला. भाऊ त्यांना म्हणाले, "तुमची दिव्यानी आता माही जिम्मेदारी." आणि त्याच दुपारी ढग आले, तर या जिम्मेदार माणसाने मला सांगितलं, की ढगात सोलरची पाटी झोपते, तिला थोपटून उठवावं लागतं. मी शिडीवर चढून सगळ्या गावादेखत पाटी थोपटली. त्या गावात अजून मला पाटी थोपटणारी बाई म्हणतात. राग यायचा. पण मुक्कामाला माझी खाट कुठे पडली, दाराला कडी आहे का, हे स्वतः बघितल्याशिवाय हा माणूस झोपायचा नाही, मग रागावणार तरी किती?

त्यांचा एक नेम होता. केलेली मजाक परत घ्यायची नाही. आपोआप फुटली तर फुटली.

सोमारीबाईंकडची मजाक तर कधी फुटलीच नाही. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला बसलो, आणि बाई भात वाढणार तेवढ्यात भाऊ गंभीर तोंड करून म्हणाले, की या पोरीचा नवस आहे, हिने भात सोडलाय. मी ब्रह्मपुरीची! आमच्याकडे भात झाला नाही तर जेवण झालं असं कोणी मानत नाही. मी तोंड उघडेपर्यंत बाई शेजारी पीठ मागायला गेल्यासुद्धा. परत येऊन त्यांनी भाकर थापली. जन्मभर भात रांधणाऱ्या हातची ती भाकर, कडेला करपलेली, मधे कच्ची. इतकं कौतुकाने केलेलं, खोटं होतं म्हणून कसं सांगणार? समोर भाऊ भाताचा डोंगर उपसत होते आणि मिशीतल्या मिशीत हसत होते. तेव्हापासून माझी फेरी असली की बाई आठवडी बाजारातून ज्वारी आणून ठेवतात. नवस कशाचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही. असं विचारू नये म्हणतात.

आज पंप लवकर सुरू झाला. पाणी टाकीत पडलं, बायका पाण्याचे गुंड घेऊन धावल्या, मी मात्र फोन वर धरून अंगणात येरझाऱ्या घालत होते. बाईंनी हाक मारली. ताटावर बसले आणि बघतच राहिले. वाफाळता भात होता.

मी विचारलं तेव्हा त्या हसायला लागल्या. "भाऊ मांगच्या महिन्यात आले होते. मनत, बाई, ते मजाक होती. आता तिले भात वाढत जा."

बाई हसत होत्या. ऑपरेशन साधं आहे, चार दिवसांत कामावर येतो, असं मला सांगणारा माणूस त्या छातीने एवढ्या लांब आला होता, एक मजाक परत घ्यायला. म्हणजे भाऊंना भीती वाटत होती. हिशेब मिटवल्यासारखे ते गावोगाव फिरले असतील का? पाटी झोपत नाही म्हणून तिकडेही सांगून आले असतील का? मला बसवेना.

मी ताट पुढे सरकवलं. "बाई, नको. आता खरंच सोडला."

"कोणासाठी?" या खेपेला त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. भाऊ बरे होऊन इथे येऊन स्वतः वाढतील तेव्हाच खाईन, म्हटलं.

माझ्या ताटातला भात बाईंनी चुलीवरच्या गंजात परत टाकला. मग स्वतःच्या ताटातलाही टाकला. ज्वारीचं पीठ या वेळी आणलं नव्हतं, म्हणून शेजारी मागायला गेल्या. येऊन चुलीपुढे बसल्या, भाकर थापली, मोडून अर्धी मला दिली आणि अर्धी स्वतः घेतली.

"दोघीनं सोडला तं लवकर पावंल," त्या म्हणाल्या.

भाकर मधे कच्चीच होती. मी डाव्या हातात फोन धरून ती सगळी खाल्ली.