शामकलाची बाळंतीण माती

आमच्या छतावर रंगाच्या बारा बादल्या आहेत. त्या शामकलाच्या. नवरा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं झाली, ती आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. शिवणकाम करते. ब्लाउज एक नंबर शिवते, पण मापाला उभी राहिलेल्या बाईला मोठ्या जावेसारखी दटावते, की श्वास सोड, पोट आत घेऊन कोनाले फसवून राहिली. बाया रागावतात आणि पुन्हा तिच्याकडेच येतात.

त्या बादल्यांतली माती दवनीवाड्याची. तिथे तिचं माहेर, आमच्या गोंदियाजवळच. बाप गेला तेव्हा धाकट्या भावाने, खेमराजने, तिला हक्कसोड करायला बोलावलं. वडिलांच्या शेतातला आपला हिस्सा बहिणीने सही करून भावाला सोडायचा आणि भावाने तिला साडी नेसवायची, अशी आपल्याकडची रीत. कायदा काही म्हणो, माहेरचं दार उघडं राहावं म्हणून बाया सही करतात. शामकलानेही केली. साडी मात्र घेतली नाही. बांधाजवळची माती दे म्हणाली, दहा पोती. खेमराजला वाटलं बहीण थट्टा करते. मग तिनेच फावडं घेतलं तेव्हा त्याला कळलं.

ती मोरांड माती, चिकट, धानाची. शेतात सोनं, पण बादलीत घातली की उन्हाळ्यात विटेसारखी होते. पहिल्या वर्षी एक वांगं धड आलं नाही. मग ती शिकली. कुणी शिकवलं नाही, झाडं मरत गेली तशी शिकली. राइस मिलमधला जळका भुसा आणून मिसळला, माती हलकी झाली. आंब्याचा पाला कुजवला. शेण, गूळ, बेसन कालवून त्याचं पाणी दिलं. गांडुळं कुठून आणली ते मला सांगितलं नाही, पण एका रविवारी ती दवनीवाड्याहून डबा मांडीवर घेऊन आली आणि तो डबा जेवणाचा नव्हता.

पीक निघालं की लोक कुंडीतली माती फेकतात, नवी आणतात. शामकला फेकत नसे. झाड बुडाशी कापायची, मुळं आतच ठेवायची. माती जुन्या बॅनरवर पसरून हाताने मोकळी करायची, कुजलेला पाला मिसळून पुन्हा भरायची, वर तणसाचं, धानाच्या पेंढ्याचं, पांघरूण घालायची आणि पंधरा दिवस त्या बादलीत काही लावायची नाही. मी एकदा विचारलं, रिकामी काऊन ठेवली? म्हणाली, "ती बाळंतीण हाय, मावशी. आताच मोकळी झाली. तिले आराम पायजे."

मला ते फार आवडलं. आवडलं तिथेच घोळ झाला.

आठ वर्षांत ती माती अशी झाली होती की मूठ उघडली तर बोटांतून आपोआप सांडायची. तिकडे दवनीवाड्यात खेमराजने शेत विकलं, तिथे प्लॉट पडले, घरं उभी राहिली. बांध गेला, बांधाची जागाही कुणाला दाखवता येईना. म्हणजे शामकलाचं माहेर आता आमच्या छतावरच होतं, बारा बादल्या.

या जानेवारीत तिच्या लेकीला, समीक्षाला, नागपूरला सातव्या महिन्यातच कळा लागल्या. पोरगी झाली, वीतभर. काचेच्या पेटीत ठेवली. शामकला मशीन झाकून निघाली. बादल्यांची किल्ली नसते, नाहीतर तीही माझ्याकडे दिली असती. बाराही बादल्यांतलं पीक नुकतंच निघालं होतं, त्या तणसाखाली होत्या. पाणी जपून घालायचं आणि मधूनमधून तांदळाचं धुवण टाकायचं, एवढं तिने सांगितलं. बाकी काही नको.

आता धुवण म्हणजे काय, तांदूळ धुतलेलं पाणी. नुसतं गढूळ. मला वाटलं, बाळंतिणीला असं पाणी देतात का? आपण काय देतो? पेज. भात पसवून निघालेली दाट पेज, कोमट, चांगलं मीठ घातलेली. मी चार पोरं काढली ती पेजेवर. तर मी रोज मोठी कढई भरून पेज घ्यायची, थंड करायची आणि गुडघे धरत जिना चढायची. अकरा बादल्यांना थोडी थोडी. बारावी पाण्याच्या टाकीमागे होती, तिथे पाइपखालून वाकावं लागतं, ते माझ्याने होत नव्हतं. तिची मनातल्या मनात माफी मागायची. तीन महिने एक दिवस चुकवला नाही. कंबर दुखली तरी नाही.

शामकला एप्रिलमध्ये आली. बाळ पेटीतून निघालं होतं, पण दूध पचत नव्हतं. ती दोन दिवस झोपायला आणि कपडे न्यायला आली होती. वर गेली आणि बराच वेळ खाली आलीच नाही. मी गेले तर ती बादलीजवळ बसलेली. मातीवर पांढरी साय आली होती. मला महिनाभर ती दिसत होती आणि मला वाटत होतं माती मुरली. तिने चिमटीत थोडी घेतली आणि जिभेवर ठेवली.

"खारी हाय," ती म्हणाली.

मग तिने बादली बॅनरवर उलटी केली. माती ढेकळासारखी पडली. ढेकूळ फोडलं तर आत गांडुळं नव्हती. सुतळीचे तुकडे असतात तसं काही होतं, ते बोटाने लोटताच मोडलं. दुसरी बादली. तिसरी. मला म्हणाली, पानी कोनतं घातलं? आणि मी म्हटलं, नळाचंच, नळालाच खार येत असेल.

सत्तर वर्षांची बाई, इतकं पटकन खोटं बोलते. तोंडाला सवय असते, बाप्पा.

दोन दिवसांची सुट्टी तिने आठ दिवसांची केली. आमच्या नळाचं पाणी तिने बादल्यांना बंद केलं. दोन गल्ल्या टाकून हातपंप आहे, तिथून हंडे आणून ती माती धुवायला लागली. खार पाण्यानेच जातो, पाण्यात विरघळून बादलीच्या भोकातून खाली निघतो. पण आठ वर्षं घातलेलं सगळं सारही त्याच पाण्यात निघतं. चहाच्या रंगाचं पाणी छतावरून वाहत होतं आणि ती उन्हात उभी राहून बघत होती. नळाचा खार धुवायला बाई दोन गल्ल्यांवरून पाणी आणून राहिली, आणि नळाचं पाणी तर मी रोज पिते. पाचव्या दिवशी तिचा हंडा जिन्यात आपटला. ती तिथेच खाली बसली. मी हंडा उचलून तिच्याजवळ ठेवला.

मी म्हटलं, "खार नळाचा नाही. मी पेज टाकत होती. मिठाची."

"रोज?"

"रोज."

"कायले?"

"तूच म्हणे ना, बाळंतीण हाय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हंड्याचा पोचा अंगठ्याने चाचपत राहिली. मग म्हणाली, "बाळंतिणीले तोंड असते, मावशी. नको असलं तर थुकते थे."

आणि वर गेली.

त्या दिवशी तिने खेमराजला फोन लावला. जुन्या शेतात कुठे कोपरा उरला का, एक पोतं तरी, असं विचारत होती. तो म्हणाला सगळीकडे सिमेंट झालं, आता माती काय गोंदियात मिळत नाही का. फोन ठेवून ती मशीनजवळ बसली. पायडलवर पाय होता, पण कापड नव्हतं.

मी माझ्या परीने धावले. नर्सरीतून लाल माती मागवू म्हटलं. तिने नको म्हणून मान हलवली. पावसाळ्यात उरलेला खार धुऊन जाईल म्हटलं. ती म्हणाली, "खार जाईन. गांडुळं का आभाळातून पडतीन?"

टाकीमागची बादली तिला सातव्या दिवशी आठवली. पाइपखालून ओढून काढली. वर भेगा पडलेल्या, तणीस वाळून उडालेलं, तीन महिने पाण्याचा थेंब नाही. टाकीचा ओलावा झिरपत असेल तेवढाच. तिने हात कोपरापर्यंत घातला आणि तळाशी थांबली. बाहेर काढला तेव्हा तळहातावर मूठभर काळी माती आणि तिच्यात एक, मग दुसरं, लाल, वळवळणारं. मी ज्याची सेवा केली ते सगळं मेलं, आणि ज्याच्याकडे पाठ फिरवली ते जगलं. देव नाही मानत आमच्यात, नाहीतर मी त्याला विचारलं असतं.

तळाची ती माती दोन ओंजळी भरली. तिने त्यातली एक, दह्याला विरजण लावतात तशी, सगळ्यात जास्त धुतलेल्या बादलीत कालवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथली गांडुळं काठावर चढून बाहेर पडली होती आणि छताच्या तापलेल्या सिमेंटवर वाळली होती. खार अजून गेला नव्हता. शामकलाने ती एकेक उचलली. मी मोजली नाहीत.

संध्याकाळी समीक्षाचा फोन आला. बाळाला पुन्हा ऑक्सिजन लावला होता. सकाळची गाडी होती.

ती निघाली तेव्हा एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात जुना डबा, त्यात उरलेली ओंजळ. दारात उभी राहिली. दवाखान्याच्या वरांड्यात डबा घेऊन बसता येत नाही. गल्लीत तिचं दुसरं कोणी नाही. हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी हात पुढे केला नाही. माझी हिंमत नव्हती. तिनेच डबा माझ्या हातात दिला आणि झाकणावर थोडा वेळ हात ठेवला.

"सावलीत ठेव. आठ दिवसांनी बोटानं चार थेंब साधं पानी. बाकी काही नाही." मग म्हणाली, "जीव नको लावू तिले, मावशी. जीव लावलास ना, तर हेही जाईन."

मी होय म्हटलं.

आज सहावा दिवस. डबा न्हाणीघराबाहेरच्या कोनाड्यात आहे, ऊन लागत नाही. नागपूरहून फोन नाही. माती वरून सुकल्यासारखी दिसते. आत काही जिवंत आहे की नाही, ते उकरल्याशिवाय कळायचं नाही, आणि उकरायचं नाही. मी दिवसातून दहा वेळा तिथून जाते आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून ठेवते.